घटनापीठाचा निकाल स्वतः कसा वाचायचा: आधी सह्या मोजा

घटनापीठाचा, म्हणजे संविधानाचा अर्थ ठरवायला बसलेल्या किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा, निकाल वाचायला वकिलीची सनद लागत नाही. निकालाची पूर्ण पीडीएफ, संविधानाची प्रत, एक कोरा कागद आणि सलग दोन-तीन तास एवढं पुरतं. बातमीचा मथळा म्हणजे निकाल नव्हे. सुनावणीत न्यायमूर्ती जे बोलतात तोही निकाल नव्हे. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या थेट पाहता येऊ लागल्या, आणि तेव्हापासून बाकावरून विचारलेला एखादा खोचक प्रश्नच ‘कोर्ट म्हणालं’ म्हणून फिरतो. न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना असे प्रश्न विचारतात, कारण युक्तिवाद कुठे तुटतो ते त्यांना तपासायचं असतं. तोंडी शेरे न्यायालयाच्या नोंदीचा भाग नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. बंधन असतं ते सही झालेल्या मजकुराचं.

त्यातही सगळा मजकूर बंधनकारक नसतो. अनुच्छेद १४१ सांगतो की सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. पाचशे पानांच्या निकालात असा ‘घोषित कायदा’ कधीकधी दोन परिच्छेदांत मावतो. बाकीच्या पानांत पक्षकारांची हकीकत, वकिलांचे युक्तिवाद, जुन्या निकालांचे उतारे आणि न्यायमूर्तींचं चिंतन असतं. ते दोन परिच्छेद शोधायचे कसे, ते इथे सांगितलं आहे.

उदाहरणासाठी मुख्यतः एकच निकाल घेऊ: प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ५ नोव्हेंबर २०२४, नऊ न्यायमूर्तींचं पीठ. वाद मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा, ज्यांना आपण सेस इमारती म्हणतो. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये प्रकरण आठ-अ घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर सरकारने इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. मालक कोर्टात गेले. त्यातून उभा राहिलेला प्रश्न देशभराचा होता: खासगी मालमत्ता ही संविधानाच्या अनुच्छेद ३९(बी) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ असते का?

कागद कुठला हातात घ्यायचा

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर एकाच खटल्याखाली अनेक कागद दिसतात. रोजच्या सुनावणीचे आदेश वेगळे, ‘जजमेंट’ वेगळं. रोजच्या आदेशात ‘लिस्ट आफ्टर टू वीक्स’ एवढंच असू शकतं. तुम्हाला ‘जजमेंट’ हवं. त्याच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात ‘रिपोर्टेबल’ असा शब्द दिसतो आणि २०२३ पासूनच्या निकालांवर तटस्थ उद्धरण क्रमांक असतो. आपल्या उदाहरणाचा क्रमांक आहे २०२४ आयएनएससी ८३५. हा क्रमांक न्यायालय स्वतः देतं, तो कुठल्याही खासगी प्रकाशकाचा नाही, म्हणून तोच लिहून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात ‘बीएचसी’नंतर येणारी अक्षरं महत्त्वाची असतात: ‘एएस’ म्हणजे अपील शाखा, ‘ओएस’ म्हणजे मूळ शाखा, पुढे नागपूर, औरंगाबाद आणि गोव्यासाठी वेगळी अक्षरं. शेवटी ‘डीबी’ असेल, तर निकाल दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा आहे.

जुने निकाल ‘ई-एससीआर’ या न्यायालयाच्याच संग्रहात फुकट मिळतात. त्यात हेडनोटही (निकालाआधी छापलेला सारांश) असते. हेडनोट वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नाही.

अनेक निकालांचा मराठी अनुवादही उपलब्ध असतो. पहिल्या वाचनाला तो फार उपयोगी पडतो. मात्र अनुच्छेद ३४८ मुळे प्रमाण मजकूर इंग्रजीच राहतो, आणि अनुवादावर तशी सूचनाही छापलेली असते. दोन्ही प्रती शेजारी उघडा. जिथे एका शब्दावर सगळं अवलंबून आहे, तिथे इंग्रजी शब्द पाहा. कलमांची अक्षरं जुळवतानाही गोंधळ होतो: इंग्रजी निकालातलं ३९(बी) संविधानाच्या मराठी प्रतीत ३९(ख) असतं आणि ३१-सी तिथे ३१ग म्हणून सापडतं. बी म्हणजे ‘ब’ असं समजून शोधणाऱ्याला ते कलम मिळतच नाही.

शेवटाकडून सुरुवात

पहिल्या पानावर तीनच गोष्टी टिपा. पक्षकार कोण, अधिकारिता कोणती (अपील आहे की अनुच्छेद ३२ खालची थेट याचिका) आणि पहिलं निकालपत्र कोणी लिहिलं. मग सरळ शेवटी जा आणि निष्कर्ष वाचा. मोठ्या निकालात अनेक निकालपत्रं, म्हणजे वेगवेगळ्या न्यायमूर्तींनी लिहिलेली मतं, एकापाठोपाठ जोडलेली असतात, त्यामुळे ‘शेवट’ एक नसतो. प्रत्येक निकालपत्राचा शेवट वेगळा वाचावा लागतो.

शेवटच्या भागात दोन प्रकारची वाक्यं असतात आणि ती वेगळी ठेवायला हवीत. एक, कायदा काय आहे. दोन, या पक्षकारांना काय मिळालं. महाराष्ट्रातल्या सत्तांतरावरचा सुभाष देसाई प्रकरणातला ११ मे २०२३ चा निकाल पाहा. राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं समर्थनीय नव्हतं, असा निष्कर्ष पाच न्यायमूर्तींनी एकमताने काढला. तरीही पूर्वीचं सरकार परत आणता येणार नाही असंही म्हटलं, कारण तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. त्या दिवशी एक बाजू पहिलं वाक्य दाखवत होती, दुसरी बाजू दुसरं. निकालात दोन्ही आहेत. चूक ठरवणं आणि ती उलटवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

अनुच्छेद १४२ चा उल्लेख दिसला की पेन्सिलीने खूण करा. ‘पूर्ण न्याय’ करण्यासाठी त्या अनुच्छेदाखाली दिलेला आदेश त्या खटल्यापुरता असतो. ‘त्यांना मिळालं तर मलाही मिळेल’ हा हिशेब इथे चुकतो.

कधीकधी शेवटी पक्षकारांना काहीच मिळालेलं नसतं. प्रॉपर्टी ओनर्सच्या नऊ न्यायमूर्तींनी फक्त त्यांच्याकडे पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. म्हाडाचं प्रकरण आठ-अ वैध की अवैध, हे ठरवणं त्यांनी नियमित पीठावर सोडलं. ‘आता सरकारला सेस इमारत घेता येणार नाही’ असं त्या निकालाच्या आधारे कोणी सांगत असेल, तर त्याने शेवटचं पान पाहिलेलं नाही.

सह्यांचा तक्ता

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे वेळ द्या. कागदावर उभ्या रांगेत न्यायमूर्तींची नावं लिहा, आडव्या रांगेत प्रश्न. प्रश्न मनाने ठरवू नका. ते निकालात ‘इश्यूज’ किंवा ‘रेफरन्स’ या मथळ्याखाली दिलेले असतात. मग प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: होय, नाही, बोललेच नाहीत. तिसरी खूण विसरू नका. मौन म्हणजे संमती नव्हे.

हे करताना प्रत्येक निकालपत्राखालच्या सह्या पाहाव्या लागतात. सरन्यायाधीशांनी लिहिलं म्हणून ते बहुमताचं ठरत नाही, आणि फाइलमध्ये पहिलं आलं म्हणूनही नाही. मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल हा याचा उत्तम धडा आहे. पाच न्यायमूर्ती होते. आरक्षण रद्द करण्यावर पाचही जण एकत्र होते. पण मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार १०२ व्या घटनादुरुस्तीने गेला का, या प्रश्नावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. पीठाचे प्रमुख न्या. अशोक भूषण यांचं निकालपत्र पहिलं आहे, मुख्य आहे, आणि या प्रश्नावर ते अल्पमतात आहेत. न्या. अब्दुल नझीर त्यांच्याबरोबर होते. कायदा ठरला तो न्या. रवींद्र भट यांनी लिहिलेल्या आणि न्या. नागेश्वर राव व न्या. हेमंत गुप्ता यांनी मान्य केलेल्या मतामुळे: अधिकार राज्यांकडे उरला नाही. पहिलंच निकालपत्र वाचून पीडीएफ बंद करणाऱ्याला याच्या नेमकं उलट उत्तर मिळतं.

म्हणून ‘४-१’ किंवा ‘६-१’ हा आकडा निकालाला लावू नका, प्रश्नाला लावा.

प्रॉपर्टी ओनर्सचा तक्ता असा भरतो. पहिला प्रश्न: अनुच्छेद ३१-सी, केशवानंद भारती निकालाने जेवढा वैध ठरवला तेवढा, आज जिवंत आहे का? सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि त्यांच्याशी सहमत सहा न्यायमूर्ती: होय. न्या. बी. व्ही. नागरत्ना: होय. न्या. सुधांशु धुलिया: होय. नऊ विरुद्ध शून्य. दुसरा प्रश्न: प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरते का? सात जणांचं उत्तर: सरसकट नाही, काही ठरू शकते. कुठली, ते त्या साधनसंपत्तीचं स्वरूप, समाजाच्या हितावरचा तिचा परिणाम, तिची टंचाई आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून ठरवायचं. न्या. नागरत्ना यांची वाट वेगळी आहे: वैयक्तिक वापराच्या वस्तू सोडून खासगी साधनसंपत्ती या कक्षेत येऊ शकते, पण आधी ती समाजाची व्हावी लागते. न्या. धुलिया यांनी व्यापक अर्थ धरला आणि भिन्नमत नोंदवलं. इथे ‘८-१’ लिहा किंवा ‘७-२’ लिहा, काहीतरी हरवतंच. तक्त्यात काहीच हरवत नाही.

हे दोन प्रश्न एकमेकांत कसे अडकले आहेत, ते समजल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही. एखादा कायदा ३९(बी) चं उद्दिष्ट, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं सर्वांच्या हिताचं वाटप, साधण्यासाठी केलेला असेल, तर ३१-सी त्याला कवच देतं: समानतेच्या अनुच्छेद १४ किंवा स्वातंत्र्याच्या अनुच्छेद १९ चा भंग झाला म्हणून तो रद्द करता येत नाही. गिरगावातली एखाद्याची चाळ ३९(बी) मध्ये बसली की मालकाच्या हातातलं मोठं हत्यार बोथट होतं. म्हणून एका शब्दप्रयोगाच्या अर्थासाठी नऊ न्यायमूर्ती बसले.

कधी निकाल एकमताचा असतो आणि तरी बहुमताचं निकालपत्र सापडत नाही. खासगीपणाच्या हक्कावरचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल नऊ विरुद्ध शून्य आहे, पण निकालपत्रं सहा. सर्वांत मोठ्या निकालपत्रावर चार न्यायमूर्ती आहेत, उरलेल्या पाच जणांनी प्रत्येकी स्वतंत्र लिहिलं. नऊमध्ये बहुमत पाचांचं, आणि पाच जण एकाही निकालपत्राखाली नाहीत. अशा वेळी शेवटी सर्वांच्या सहीने जोडलेला छोटा आदेश शोधायचा. तिथे जे आहे ते निर्विवाद सगळ्यांचं. त्यापलीकडचं एखादं वाक्य ‘पुट्टस्वामी निकाल म्हणतो’ म्हणून उद्धृत करण्याआधी तेच म्हणणं आणखी किमान एका निकालपत्रात आहे का, ते तपासा.

२४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद निकालात तर तेरा न्यायमूर्ती आणि अकरा निकालपत्रं आहेत. सात विरुद्ध सहा. शेवटी जोडलेल्या बहुमताच्या सारांशावर तेरापैकी नऊच सह्या आहेत. घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत आपल्याला मिळाला तो असा, मोजून मोजून.

कोण बोलतंय?

निकालपत्रातल्या प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक अक्षर लिहायची सवय लावा: ‘व’ म्हणजे वकिलाचा युक्तिवाद, ‘उ’ म्हणजे जुन्या निकालातला उतारा, ‘न’ म्हणजे न्यायमूर्तींचं स्वतःचं म्हणणं. ‘सबमिटेड’, ‘कंटेंडेड’, ‘अर्ज्ड’ ही क्रियापदं आली की ‘व’. ‘वुई होल्ड’, ‘वुई आर ऑफ द व्ह्यू’, ‘इन अवर ओपिनियन’ आलं की ‘न’. युक्तिवाद अनेकदा दहा-पंधरा पानं सलग चालतो आणि मध्येच क्रियापद गळतं. वाक्यं विधानासारखी दिसू लागतात. समाजमाध्यमांवर फिरणारी ‘न्यायालयाने म्हटलं’ची कात्रणं बऱ्याचदा याच पानांतली असतात. शंका आली की दोन पानं मागे जा आणि तो विभाग कोणाच्या नावाने सुरू झाला ते पाहा.

उताऱ्याचाही असाच घोळ होतो. न्यायमूर्ती जुना उतारा तो मान्य आहे म्हणूनच देतात असं नाही. खोडून काढण्यासाठीही देतात. उताऱ्यानंतरचं पहिलं वाक्य वाचल्याशिवाय उतारा कॉपी करू नका.

गाभा आणि अवांतर

वकील ज्याला रेशो म्हणतात, तो निकालाचा गाभा. ओबिटर म्हणजे ओघात आलेलं म्हणणं. दोन्ही एकाच सहीखाली असतात, भाषाही तितकीच ठाम असते. वेगळं करायची कसोटी साधी आहे: ते वाक्य काढून टाका. निष्कर्ष तसाच उभा राहिला तर वाक्य अवांतर, कोसळला तर गाभा.

अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा १ ऑगस्ट २०२४ चा दविंदर सिंग निकाल घ्या. सात न्यायमूर्ती, ६ विरुद्ध १. प्रश्न एवढाच होता की राज्यांना अनुसूचित जातींमध्ये उपवर्ग करता येतील का. उत्तर आलं, येतील, आणि २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द झाला. त्याच निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींना क्रिमी लेयरची कसोटी लावण्याबद्दल मत मांडलं. सातपैकी चार, म्हणजे संख्येने बहुमतच. पण तो प्रश्न पीठापुढे नव्हता आणि उपवर्गीकरणाचं उत्तर त्यावर टेकलेलं नाही. ती सगळी पानं काढली तरी निकाल तोच राहतो. म्हणून त्यांना बंधनकारक कायद्याचं वजन नाही. अशा मतांकडे दुर्लक्ष करू नये, पुढच्या खटल्यात ती आधार म्हणून येतात. पण ‘सुप्रीम कोर्टाने क्रिमी लेयर लागू केला’ हे वाक्य चूक आहे, आणि ज्यांच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न आहे त्यांना विनाकारण घाबरवणारं आहे.

ही चूक वाचकच करतात असं नाही. न्यायालयाकडूनही ती झाली आणि दुरुस्त व्हायला चार दशकं लागली.

१९७७ मध्ये रंगनाथ रेड्डी प्रकरण सात न्यायमूर्तींपुढे होतं. कर्नाटकाने खासगी कंत्राटी बसगाड्या ताब्यात घेण्याचा कायदा केला होता. सातही जणांनी तो वैध ठरवला. मात्र निकालपत्रं दोन होती. चौघांच्या वतीने न्या. उंटवालिया यांनी लिहिलं. तिघांच्या वतीने न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं, आणि खासगी मालकीचं सगळं काही ‘समाजाच्या साधनसंपत्ती’त येतं हा व्यापक अर्थ त्यांचा होता. चौघांनी आपल्या निकालपत्रात मुद्दाम नोंदवलं की या विषयावर आमच्या सहकाऱ्यांनी जे म्हटलं आहे त्या सगळ्याशी आम्ही सहमत आहोत असं समजू नये. एवढं एकच वाक्य.

पुढे संजीव कोक प्रकरणात कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा प्रश्न आला, तेव्हा पाच न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राचा आधार घेतला. ते तिघांचं होतं, चौघांनी त्यापासून अंतर राखलं होतं, तरीही. मग मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात, जिथे वाद करांच्या परताव्याचा होता, नऊ न्यायमूर्तींच्या निकालात त्याच अर्थाचं एक वाक्य ओघात आलं. तिथून ते ‘नऊ न्यायमूर्तींचं मत’ म्हणून वापरलं जाऊ लागलं. २०२४ मध्ये सात जणांच्या बहुमताने धागा उलटा उसवला: संजीव कोकने अल्पमताच्या निकालपत्रावर विसंबणं चूक होतं, आणि मफतलालमधलं ते वाक्य त्या निकालाच्या गाभ्याचा भाग नव्हतं. तुमच्या कागदावरच्या तक्त्यात १९७७ च्या निकालाची एक रांग असती, तर चार आणि तीन लगेच दिसले असते.

निकालात जुन्या खटल्याचं नाव आलं की म्हणूनच मूळ निकाल उघडून त्याच्या सह्या पाहा. सगळ्यांचा नको, ज्याच्यावर युक्तिवाद टेकला आहे त्या एक-दोघांचा.

पीठाचा आकार

जुन्या निकालाशी नवा निकाल कसा वागला, हे चार शब्दांत कळतं. ‘फॉलोड’: मान्य केला. ‘डिस्टिंग्विश्ड’: तो बरोबर, पण तथ्यं वेगळी म्हणून इथे लागू नाही. ‘ओव्हररूल्ड’: रद्द. ‘रेफर्ड’: आम्हाला शंका आहे, मोठ्या पीठाने ठरवावं. शेवटच्या प्रकारात जुना निकाल मोठ्या पीठाचं उत्तर येईपर्यंत जिवंतच असतो. प्रॉपर्टी ओनर्सचा प्रश्न १९९६ मध्ये तिघांकडून पाचांकडे गेला, २००१ मध्ये पाचांकडून सातांकडे आणि २००२ मध्ये सातांकडून नऊंकडे. उत्तर यायला त्यानंतर २२ वर्षं लागली. तोपर्यंत संजीव कोकच चालू होता.

लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल बाजूला सारता येत नाही. त्याला फक्त शंका नोंदवून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवता येतं. दाऊदी बोहरा समाजाच्या महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या प्रकरणात २००४ मध्ये घटनापीठाने हा नियम मांडला. मोजायचं असतं ते पीठ, बहुमतातली डोकी नव्हेत: सात न्यायमूर्तींचा ४-३ निकाल पाच न्यायमूर्तींच्या ५-० निकालाला भारी पडतो. २०२२ च्या त्रिमूर्ती फ्रॅग्रन्सेस निकालानंतर याबद्दल शंका उरलेली नाही.

संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर अनुच्छेद १४५(३) प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती लागतात. दोघांच्या पीठाने ओघात संविधानाबद्दल काही म्हटलं असेल, तर आधी त्या विषयावर घटनापीठाचा निकाल आहे का ते शोधा.

दोघांत फूट पडली तर कायदा तयारच होत नाही. हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशु धुलिया यांची मतं विरुद्ध पडली आणि प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवलं गेलं. त्यातल्या कुठल्याही एका निकालपत्राला ‘सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय’ म्हणता येत नाही. उच्च न्यायालयात अशा वेळी तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत घेतात. माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या फॅक्ट चेक युनिटबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जानेवारी २०२४ मध्ये फूट पडली, तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत सप्टेंबरमध्ये आलं, आणि मगच ती तरतूद रद्द झाली. मधल्या आठ महिन्यांत ‘हायकोर्टाने रद्द केलं’ आणि ‘हायकोर्टाने वैध ठरवलं’ ही दोन्ही वाक्यं खोटी होती.

‘सुप्रीम कोर्टाने फेटाळलं’

याचा अर्थ लावताना चांगले जाणते लोकही चुकतात. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विशेष अनुमती याचिका, म्हणजे एसएलपी, दाखल झाली आणि ती कारण न देता एका ओळीत फेटाळली गेली, तर सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या मतावर शिक्कामोर्तब केलं असं होत नाही. फक्त अपिलाची परवानगी नाकारली गेली. उच्च न्यायालयाचा निकाल त्या पक्षकारांपुरता कायम राहतो, पण अनुच्छेद १४१ खालचा कायदा तयार होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालात हे सविस्तर आहे. फेटाळताना कारणं दिली असतील, तर त्या कारणांना वजन असतं. परवानगी देऊन अपील ऐकलं आणि मग फेटाळलं, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होतो. म्हणून आदेशाच्या वरच्या बाजूला ‘लीव्ह ग्रँटेड’ हे दोन शब्द आहेत का ते पाहा.

पुढे काय झालं

निकाल वाचून झाल्यावर आजची तारीख आणि निकालाची तारीख यांच्यामधला काळ तपासा. पुनर्विलोकन अर्ज ३० दिवसांत करता येतो. त्यावर सहसा तेच न्यायमूर्ती, शक्य तितके, आपल्या दालनात तोंडी युक्तिवादाशिवाय निर्णय घेतात. तो फेटाळला तरी क्युरेटिव्ह याचिकेची, म्हणजे न्यायालयाची चूक सुधारून घेण्याच्या शेवटच्या अर्जाची, वाट २००२ च्या रूपा हुर्रा निकालाने ठेवली आहे. मोठ्या पीठाने नंतर काही म्हटलं का, तेही पाहा.

आणि संसद. मराठा आरक्षणाच्या निकालात १०२ व्या दुरुस्तीचा जो अर्थ ३ विरुद्ध २ ने ठरला, तो साडेतीन महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेल्या १०५ व्या घटनादुरुस्तीने मागे पडला. राज्यांना आपली मागासवर्गांची यादी करण्याचा अधिकार परत मिळाला. निकालाचा तो भाग आज वाचताना शेजारी १०५ वी दुरुस्ती उघडी हवी. पन्नास टक्के मर्यादेवरचा भाग मात्र त्या दुरुस्तीने हललेला नाही. एकाच निकालाचा एक तुकडा जुना होतो, दुसरा तसाच राहतो. तक्त्यात प्रत्येक प्रश्नापुढे एक जास्तीची चौकट ठेवा: ‘नंतर’.

टिपण लिहिताना पान क्रमांक देऊ नका. संकेतस्थळावरची पीडीएफ, एससीआर या न्यायालयाच्या अधिकृत निकालसंग्रहातली छापील प्रत आणि मराठी अनुवाद या तिन्हींत पानं वेगळी असतात, आणि बहुतेक वेळा जुळतो तो परिच्छेद क्रमांकच. एकाच निकालात अनेक निकालपत्रं असतील, तर प्रत्येकात परिच्छेद पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतात. म्हणून ‘परिच्छेद अमुक’ एवढं पुरत नाही. क्रम असा ठेवा: खटल्याचं नाव, तटस्थ उद्धरण क्रमांक, निकालपत्र कोणाचं आणि कितीजणांच्या वतीने, परिच्छेद. प्रॉपर्टी ओनर्सच्या बाबतीत ‘२०२४ आयएनएससी ८३५, सरन्यायाधीश चंद्रचूड, सात जणांच्या वतीने’ असं लिहून मग परिच्छेद क्रमांक. ‘सात जणांच्या वतीने’ हे शब्द गाळले, तर वाचणाऱ्याला ते वाक्य बहुमताचं आहे की अल्पमताचं, हे शोधायला पुन्हा पीडीएफच्या सह्यांपर्यंत जावं लागेल.